लिलाव, डिझेल, हिशेब : एका बंदरातली बहु-मॉड्यूल बॅकएंड उभारणी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरातल्या मच्छीमार सहकारी संस्थेने आपला कारभार वहीवरून संगणकावर न्यायचं ठरवलं ते मे महिन्याच्या अखेरीस. मुदत वेगळी ठरवायची गरजच नव्हती. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या काळात नौका ओढून शाकारलेल्या असतात, खलाशी गावी गेलेले असतात, जाळ्यांची डागडुजी चालते आणि संस्थेच्या कचेरीत माणसांना बसून बोलायला वेळ असतो. १ ऑगस्टला हंगाम उघडला की तोच कारकून पहाटेपासून मान वर करत नाही. प्रणाली उभी राहायची तर या दोन महिन्यांतच.

संस्थेचं सगळं काम तीन वह्यांत मावतं. लिलावाच्या वहीत कोणत्या नौकेची कोणती मासळी, किती टोपल्या किंवा किती किलो, कोणत्या व्यापाऱ्याने काय भावाने उचलली याची नोंद. डिझेलच्या वहीत कोणत्या नौकेला किती लिटर दिलं आणि तिच्या मंजूर कोट्यातलं किती उरलं. शासनाकडून मिळणाऱ्या डिझेल परताव्याचे कागद याच वहीवरून तयार होतात. हिशेबाच्या वहीत लिलावाची रक्कम, तीतून वजा होणारं डिझेल, बर्फ, रेशन आणि संस्थेचं कमिशन. ज्या मालकांना हवी असते त्यांच्यासाठी उरलेल्या पैशांची मालक, तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशी यांच्यातली वाटणीही याच वहीत लिहिली जाते. तीन वह्या, तीन वेगळी माणसं. या शेवटच्या गोष्टीवर पुढची सगळी रचना उभी राहिली, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

प्रणाली लिहिणारे दोघे तरुण इथलेच, एक चिपळूणचा आणि एक दापोलीकडची. माझ्याकडे रचना तपासण्याचं आणि सर्व्हरवर ती नीट चालते की नाही हे पाहण्याचं काम होतं.

साचा काय घेऊन आला

दोघांनी स्प्रिंग बूट (जावा भाषेत प्रणाली लिहिण्याचा तयार पाया), मेव्हन (लिहिलेला कोड चालण्याजोगा बांधून देणारं साधन) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) हे त्रिकूट निवडलं. स्प्रिंगच्या अधिकृत प्रारंभ-पानावरून मिळणारा प्रकल्प एकाच मॉड्यूलचा, म्हणजे कोडच्या एकाच भागाचा असतो, म्हणून त्यांनी गिटहब या कोडच्या संकेतस्थळावर मोफत मिळणारा एक बहु-मॉड्यूल साचा, म्हणजे तयार कोडचा नमुना, उचलला. लॉगिन, चुकांची एकसारखी उत्तरं, डॉकरची फाइल, चाचण्यांचा सांगाडा असं सगळं त्यात तयार होतं. हातात दोन महिने असताना असा साचा घेणं मला योग्यच वाटलं आणि आजही वाटतं. घेताना एक गोष्ट मात्र आधी बघावी लागते, ती म्हणजे आवृत्ती. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, त्याला किमान जावा १७ लागतं आणि त्यात जुनी 'जावाएक्स' पॅकेजेस (कोडचे नाव दिलेले गट) जाऊन 'जकार्ता' आली. बूट २.७ चा मोफत आधार नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला, तरी त्यावरचे साचे अजून सर्रास सापडतात. यांचा साचा ३ वर होता, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

साच्यात पाच मॉड्यूल होती: कॉमन (सामाईक), डोमेन (विषयातल्या गोष्टी), पर्सिस्टन्स (साठवण), सर्व्हिस (नियम) आणि वेब (पडदा). त्यांना बांधणारं एक पालक मॉड्यूल आणि वर सगळं एकत्र करून चालवणारं ॲप. दिसायला नेटकं. पहिल्या आठवड्यात नौका नोंदवणं, व्यापारी नोंदवणं, लॉगिन हे सगळं भराभर झालं. वेग मंदावला तो हिशेबात बर्फाचा खर्च घालायची वेळ आली तेव्हा. रक्कम डोमेनमध्ये आली, तिचा तक्ता पर्सिस्टन्समध्ये, वजाबाकी सर्व्हिसमध्ये, अर्ज वेबमध्ये आणि तपासणीचा नियम कॉमनमध्ये. एका खर्चासाठी पाचही मॉड्यूलना हात लावावा लागला. शिवाय त्याच सुमारास दुसरीकडे डिझेलच्या कोट्यावर काम चालू होतं, तेही याच पाच मॉड्यूलमध्ये. दोघांच्या शाखा, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या प्रती, एकत्र करताना ज्या फाइलींवरून भांडण लागायचं त्यांचा एकमेकांच्या विषयाशी काहीच संबंध नसायचा.

याचं कारण साच्याच्या कापण्यात होतं. तो आडवा कापलेला होता: वर पडदा, मधे नियम, खाली डेटाबेस. साचा बनवणाऱ्याला दुसरा इलाजही नसतो, कारण त्याला तुमचं बंदर ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतं ते एवढंच, की प्रत्येक प्रणालीत पडदा असतो आणि डेटाबेस असतो. १९७२ साली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी मॉड्यूल कसे पाडावेत यावर जे लिहिलं त्याचा गाभा असा, की कामाच्या पायऱ्यांप्रमाणे मॉड्यूल पाडू नयेत. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एका मॉड्यूलच्या पोटात लपवावा. पन्नास वर्षं उलटून गेली तरी आपण पायऱ्यांप्रमाणेच कापत राहतो, कारण तयार साचा तसाच मिळतो.

वह्यांप्रमाणे कापणं

बदल कुठून येतात हे विचारायला आम्ही संस्थेच्या सचिवांकडे गेलो. त्यांना संगणकातलं काही सांगायची गरज पडली नाही. "डिझेलचं काय ते परिपत्रक आलं की बदलतं," ते म्हणाले. "लिलावाचं संस्थेच्या सभेत ठरतं. आणि वाटणी? ती तर नौकेगणिक वेगळी. मालक आणि तांडेल यांच्यात जे ठरलं असेल ते."

बदलाची तीन उगमस्थानं, आणि ती तीन वह्यांशी नेमकी जुळत होती. मग मॉड्यूलही तीच: लिलाव, डिझेल, हिशेब. प्रत्येकाच्या पोटात त्याचा पडदा, त्याचे नियम, त्याचे तक्ते. शासनाचं परिपत्रक आलं तर एकट्या डिझेल मॉड्यूलला हात लागावा, ही कसोटी.

नौका तिन्ही वह्यांत येते, तेव्हा ती कुठे ठेवायची यावर बराच खल झाला. शेवटी नौका नावाचं चौथं, लहान मॉड्यूल केलं. त्यात नौकेचं नाव, मालक आणि नोंदणी क्रमांक एवढंच. बाकीची मॉड्यूल नौकेची फक्त ओळख-संख्या जवळ ठेवतात. हे मॉड्यूल लहान असलं तरी त्याने मोठं काम केलं. नोंदणी क्रमांक 'आयएनडी-एमएच' ने सुरू होतो, पण वह्यांत तो कोणी आडव्या रेघा देऊन लिहिला होता, कोणी जागा सोडून, कोणी पुढचा भाग गाळून फक्त शेवटचे आकडे. लिलावाच्या वहीतली नौका आणि डिझेलच्या वहीतली नौका एकच आहे हे ठरवणारा नियम एका जागी असल्याशिवाय हिशेब जुळणंच शक्य नव्हतं. जुन्या वह्यांतली नावं जुळवायला डिझेलच्या वहीचे काका स्वतः येऊन बसले. कोणती 'एकवीरा' कोणाची हे त्यांनाच ठाऊक.

साच्यातलं कॉमन मॉड्यूल घरातल्या माळ्यासारखं भरत चाललं होतं. ते रिकामं करून त्यात फक्त रकमेचा प्रकार आणि घड्याळ ठेवलं. रकमेचा प्रकार वेगळा ठेवण्याला कारण आहे. रुपये-पैसे जावाच्या साध्या अपूर्णांक प्रकारात, म्हणजे डबलमध्ये ठेवले की वाटणीत पैसे गळतात किंवा वाढतात. बिगडेसिमल हा नेमका दशांश प्रकार वापरला तरी तीन वाट्यांत १०० रुपये विभागताना प्रत्येकी ३३.३३ होऊन एक पैसा उरतोच. तो कोणाच्या नावावर जायचा हे संगणकाने ठरवायचं नाही. संस्थेने ठरवलं, उरलेले पैसे तांडेलाच्या वाट्यात.

मॉड्यूल वेगळी केली तरी सीमा आपोआप उभी राहत नाही. हिशेब मॉड्यूलने लिलाव मॉड्यूलवर अवलंबित्व जाहीर केलं की लिलावातला प्रत्येक सार्वजनिक वर्ग (जावा कोडचा घटक) हिशेबाला दिसतो, आणि मेव्हन त्याला हरकत घेत नाही. घाईच्या दिवशी कोणी थेट लिलावाचा तक्ता वाचला की झाकलेलं सगळं उघडं पडलं. म्हणून लिलाव आणि डिझेल या दोन्हींचे दोन-दोन भाग केले: एक करार आणि एक आतला भाग. करारात बाहेरच्यांना सांगायच्या घटना, ओळख-संख्या आणि मोजके इंटरफेस, म्हणजे काय विचारता येईल एवढंच सांगणारे भाग. हिशेब फक्त करारांवर अवलंबून राहतो. आतल्या भागांवर अवलंबित्व आहे ते एकट्या ॲप मॉड्यूलचं, कारण सगळं एकत्र करून चालवायचं काम त्याचं. आता कोणी सीमा ओलांडली तर कोडची बांधणीच अडते. तपासणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर हे सोडून चालत नाही असं माझं ठाम मत आहे. ऑगस्टमध्ये कोणाचे डोळे उघडे असतात?

या सीमेची खरी परीक्षा जुलैत झाली. संस्थेला हवं होतं की ज्या नौकेची थकबाकी फार झाली आहे तिला उधारीवर डिझेल देताना प्रणालीने सांगावं. थकबाकी हिशेबात असते. म्हणजे डिझेलला हिशेब हवा. पण डिझेलचा खर्च वजा करायचा म्हणून हिशेबाला डिझेल आधीच हवं होतं. डिझेलचा करार आणि हिशेब यांनी एकमेकांवर अवलंबित्व जाहीर केलं आणि मेव्हनने चक्राकार संदर्भ आहे असं सांगून बांधणी थांबवली. एकमॉड्यूल प्रकल्पात हे चक्र मुकाट्याने तयार झालं असतं आणि दोन वर्षांनी कोणालातरी नडलं असतं. तोडगा असा निघाला: 'या नौकेला उधारी द्यावी का' एवढा एक प्रश्न डिझेलच्या करारात इंटरफेस म्हणून ठेवला आणि त्याचं उत्तर हिशेबाने लिहिलं. अवलंबित्वाची दिशा एकच राहिली, हिशेबाकडून डिझेलच्या कराराकडे. चालताना स्प्रिंग दोन टोकं जोडून देतं.

उत्तर काय असावं हेही विचारून घेतलं. सचिव म्हणाले, "सांगायचं, पण अडवायचं नाही. धक्क्याला लागलेली नौका डिझेलविना परत पाठवायची का नाही, ते आम्ही बघू." म्हणून तो नियम नकार देत नाही, सूचना देतो.

लिलाव कधीच अडता कामा नये

लिलाव नक्की झाला की हिशेबात रक्कम जमा व्हायला हवी. दोघांनी यासाठी स्प्रिंगची घटना वापरली: लिलाव मॉड्यूल 'लिलाव नक्की झाला' अशी घटना जाहीर करतं, हिशेब मॉड्यूल ती ऐकतं. थेट हाक मारण्यापेक्षा हे बरं, पण एक बारकावा आहे. साध्या रीतीने ऐकणारा हा त्याच धाग्यात, त्याच व्यवहारात चालतो. व्यवहार म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदींचा असा गठ्ठा, की सगळ्या होतील किंवा एकही नाही. हिशेबात एखाद्या नौकेची वाटणी भरलेली नसेल आणि तिथे चूक उडाली, तर लिलावाची नोंदही मागे फिरते. किनाऱ्यावर मासळी टोपलीत आहे, व्यापारी पुढच्या टोपलीकडे वळला आहे आणि प्रणाली म्हणते नोंद झाली नाही. असं एकदा झालं की कारकून वही परत काढतो, आणि एकदा वही परत आली की प्रणाली संपली.

मग ऐकणं व्यवहार पूर्ण झाल्यानंतर करायचं ठरवलं. त्यात दुसरा धोका होता. नोंद झाली आणि ऐकणारा चालायच्या आत सर्व्हर बंद पडला, तर घटना हवेत विरते. लिलाव वहीत आहे, हिशेबात नाही, आणि कोणाला पत्ताही नाही. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसलेल्या भागात मला हे अजिबात चालण्यासारखं नव्हतं. म्हणून घटना त्याच व्यवहारात एका तक्त्यात लिहिली जाते आणि ऐकणाऱ्याचं काम पुरं झालं की तिच्यावर पुरी झाल्याची खूण होते. ऑगस्ट २०२३ मध्ये १.० झालेलं स्प्रिंग मॉड्युलिथ हे तयार देतं. आम्ही त्यातलं तेवढंच घेतलं. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की अपुऱ्या राहिलेल्या घटना पुन्हा पाठवल्या जातात. अर्थात एकच घटना दोनदा येऊ शकते, तेव्हा हिशेबात लिलावाच्या ओळख-संख्येवर एकमेवपणाची अट हवीच.

तीच अट फोनकडून येणाऱ्या नोंदींनाही लागली. किनाऱ्यावर नेटवर्क येतं-जातं. कारकुनाने नोंद पाठवली, सर्व्हरने ती घेतली, पण उत्तर परत येईपर्यंत नेटवर्क गेलं, तर फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो. त्यामुळे फोन प्रत्येक नोंदीला स्वतःच एक न जुळणारा क्रमांक देतो आणि सर्व्हर त्या क्रमांकाची दुसरी नोंद घेत नाही, पहिलीचंच उत्तर परत देतो.

बांधणीत नडलेल्या गोष्टी

पुन्हा कापताना जे अडथळे आले ते बहु-मॉड्यूल प्रकल्प करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतात.

पहिला अडथळा जारचा, म्हणजे जावाचा बांधलेला कोड ज्या फाइलीत असतो तिचा. स्प्रिंग बूटचं मेव्हन प्लगइन बांधलेल्या जारचं रूपांतर स्वतः चालू शकणाऱ्या जारमध्ये करतं, आणि त्यात वर्ग एका आतल्या फोल्डरमध्ये जातात. हे प्लगइन पालक मॉड्यूलमध्ये सगळ्यांसाठी लावलं गेलं होतं. परिणामी लिलावाचा जारही 'चालू शकणारा' झाला आणि ॲप मॉड्यूलला त्यातले वर्ग सापडेनात. संदेश येतो तो पॅकेज अस्तित्वात नाही असा, त्यामुळे माणूस पॅकेजच्या नावातली चूक शोधत बसतो. प्लगइन फक्त ॲप मॉड्यूलमध्ये ठेवायचं.

दुसरा पॅकेजच्या नावांचा. स्प्रिंग बूट मुख्य वर्ग ज्या पॅकेजमध्ये आहे तिथून खाली शोधतं. मुख्य वर्ग 'ॲप' नावाच्या उप-पॅकेजमध्ये होता आणि लिलाव, डिझेल त्याच्या शेजारी. शेजारचं त्याला दिसत नाही. मुख्य वर्ग एक पायरी वर, सगळ्यांच्या सामाईक पॅकेजमध्ये नेला आणि काम झालं.

तिसरा अडथळा सगळ्यांत जास्त वेळ खाणारा, कारण त्यात चूक दिसतच नाही. लिलावाचा नियम बदलला, ॲपच्या फोल्डरमध्ये जाऊन प्रकल्प चालवला, आणि वागणं जुनंच. मेव्हनला एकट्या ॲपच्या फोल्डरमधून चालवलं की तो शेजारच्या मॉड्यूलचा ताजा कोड बघत नाही. संगणकावरच्या स्थानिक भांडारात पूर्वी ठेवलेला जार उचलतो. उपाय म्हणजे नेहमी मुळाशी, म्हणजे प्रकल्पाच्या सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये, उभं राहून बांधायचं आणि मेव्हनला ॲप व ते ज्यांवर उभं आहे ती सगळी मॉड्यूल बांधायला सांगायचं. त्यासाठी 'पीएल' आणि 'एएम' हे दोन पर्याय आहेत. पण याच पर्यायांसह थेट चालवण्याची आज्ञा दिली तर ती प्रत्येक मॉड्यूलवर लागू होते आणि मुख्य वर्ग सापडत नाही म्हणून पहिल्याच मॉड्यूलवर अडते. दोघांनी सरळ मार्ग धरला: मुळातून बांधायचं आणि तयार जार जावाने चालवायचा. विकासाच्या संगणकावर आणि सर्व्हरवर एकच रीत राहिली, हा त्यातला फायदा मला मोठा वाटतो.

मांडणीच्या (कॉन्फिगरेशन) फाइलींबद्दल थोडक्यात: डिझेल मॉड्यूलने स्वतःची ॲप्लिकेशन फाइल ठेवली होती, ॲपचीही त्याच नावाची. एकाच नावाच्या दोन फाइलींत ॲपची वाचली जाते, दुसरी निमूट दुर्लक्षित राहते. आता फाइल एकच, ॲपमध्ये, आणि प्रत्येक मॉड्यूल आपल्या नावाच्या उपसर्गाखालचं तेवढं वाचतं.

डेटाबेसच्या रचनेतले बदल फ्लायवे या साधनाने होतात; ते क्रमांक दिलेल्या फाइली ओळीने लावतं. लिलाव आणि डिझेल दोघांनी तिसऱ्या क्रमांकाची फाइल लिहिली, आणि एका क्रमांकाच्या दोन फाइली सापडल्यावर फ्लायवेने सुरूच व्हायला नकार दिला. वेगळे फोल्डर केले तरी उपयोग नाही, क्रमांकांची रांग एकच असते. क्रमांकाऐवजी तारीख-वेळ वापरायची ठरली. त्यातही मेख आहे: जुन्या वेळेची फाइल उशिरा मुख्य शाखेत आली तर ती क्रम मोडते आणि फ्लायवे पुन्हा अडतं. म्हणून फाइलीला वेळ द्यायची ती मुख्य शाखेत घेताना, लिहिताना नव्हे.

साचा जिथे गप्प बसतो

प्रणाली बांधण्यापर्यंत साचा सोबत करतो. ती रोज चालवण्याबद्दल त्यात फारसं काही नसतं, आणि जे असतं ते बहुतेक वेळा प्रात्यक्षिकासाठीचं असतं.

यांच्या साच्यात मूळ मांडणी एचटू या स्मृतीत राहणाऱ्या डेटाबेसवर होती. पोस्टग्रेस वापरायला वेगळं प्रोफाइल, म्हणजे मांडणीचा वेगळा संच, द्यावं लागायचं. सर्व्हरवर ते प्रोफाइल द्यायचं राहिलं तर काय होईल? प्रणाली आनंदाने सुरू होईल, नोंदी घेईल, आणि पुन्हा सुरू केली की सगळं कोरं. एचटू फक्त चाचण्यांपुरतं ठेवलं. आता डेटाबेसचा पत्ता नसेल तर प्रणाली सुरूच होत नाही, आणि तेच हवं आहे.

लॉगिनच्या टोकनवर (कोण आत आलं आहे हे सांगणाऱ्या डिजिटल ओळखपत्रावर) सही करायची गुप्त किल्ली साच्याच्या मांडणीच्या फाइलीत लिहिलेली होती, म्हणजे ती जगाला ठाऊक होती. ती तशीच राहिली असती तर कोणीही सचिवांच्या नावाचं टोकन बनवू शकला असता. नवी किल्ली कोडबाहेर, सर्व्हरवर वेगळ्या ठेवलेल्या मांडणीतून येते आणि ती नसेल तर प्रणाली सुरू होत नाही. प्रणालीची प्रकृती तपासणारी, स्प्रिंग बूटच्या ॲक्ट्युएटर या भागाची सगळी दारंही साच्यात उघडी होती, त्यांतलं एक तर अख्ख्या स्मृतीची प्रत हातात देतं. फक्त प्रकृतीचं दार उघडं ठेवलं.

आणि मग वेळ. जुलैतल्या रंगीत तालमीत सगळं बिनचूक जुळलं होतं. १ ऑगस्टनंतर पहिल्या पहाटेच्या लिलावांनी हिशेब बिघडला: काही टोपल्या आदल्या दिवसाच्या बेरजेत जाऊन बसल्या. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालत होता. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटे ५.३० च्या आधी झालेली प्रत्येक नोंद यूटीसीत आदल्या तारखेला पडते. तालीम कचेरीत, दिवसा झाली होती, त्यामुळे तिथे हे दिसणं शक्य नव्हतं. शहरातल्या दुकानाच्या प्रणालीत ही चूक वर्षानुवर्षं झाकून राहू शकते, कारण पहाटे पाचच्या आत तिथे कोणी विकत नाही. बंदरात दिवस सुरूच तेव्हा होतो.

सोपा इलाज म्हणजे सर्व्हरची वेळ बदलणं. तो केला नाही, कारण सर्व्हर बदलला की चूक परत येते. क्षण यूटीसीतच साठवला जातो, तारीख काढताना आशिया-कोलकाता हा टाइमझोन कोडमध्ये स्पष्ट दिला जातो आणि सगळी मॉड्यूल कॉमनमधलं एकच घड्याळ वापरतात. चाचणीत ते घड्याळ पहाटे चारला लावता येतं. पण खरी दुरुस्ती लिलावाच्या काकांनी सुचवली. "मासळी रात्रीची असली तरी लिलाव ज्या दिवशी मांडला त्या दिवसाचा," ते म्हणाले. मग लिलावाचा दिवस हा घड्याळातून काढायचा प्रकारच बंद केला. कारकून लिलाव उघडतो तेव्हा दिवस ठरतो, आणि त्या लिलावातल्या सगळ्या नोंदी त्या दिवसाच्या, मग घड्याळ काहीही म्हणो.

वेळेचा हाच फेरा रात्रीच्या प्रतीलाही होता. डेटाबेसची प्रत रात्री दोनला घ्यायची म्हणून लावलेली, पण यूटीसीत. म्हणजे इथले सकाळचे साडेसात, ऐन लिलावात. सर्व्हरच्या लिनक्समधल्या सिस्टिमडीच्या टायमरला वेळेसोबत टाइमझोन लिहिता येतो, तो लिहिला. प्रत घेणं पुरेसं नसतं, ती दुसऱ्या संगणकावर उतरवून बेरजा जुळतात का हे दर महिन्याला पाहिलं जातं.

सर्व्हर लहान आहे, २ जीबी स्मृतीचा, आणि पोस्टग्रेसही त्यावरच. जावा काही न सांगता एकूण स्मृतीच्या चौथ्या हिश्श्याएवढी ढीग-मर्यादा (स्वतःच्या 'हीप' स्मृतीची कमाल) धरतो, ती या कामाला पुरते. पुरत नाही ते बांधणीला. सर्व्हरवर मेव्हन चालवलं की स्मृती संपून लिनक्स एखादी प्रक्रिया मारतो, आणि ती कधीकधी डेटाबेसची असते. म्हणून बांधणी बाहेर होते आणि सर्व्हरवर फक्त एक जार जातो. नवी आवृत्ती दुपारी, लिलाव आटोपल्यावर. हातातल्या विनंत्या पुऱ्या करून मगच बंद होण्याची सोय स्प्रिंग बूटमध्ये २.३ पासून आहे, ती चालू ठेवली आहे. जुना जार शेजारीच ठेवलेला असतो. मात्र डेटाबेसचा बदल असा लिहायचा की जुन्या जारलाही तो चालावा, म्हणजे रकाना घालायचा या आवृत्तीत आणि जुना काढायचा पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या. मागे फिरता येण्याची सोय याच शिस्तीवर उभी आहे.

वेगळ्या सेवा कराव्यात का

मॉड्यूल इतकी सुटी आहेत तर प्रत्येक वेगळी सेवा म्हणून का चालवू नये, हे नेहमी विचारलं जातं. माझं उत्तर आजच्या घडीला स्पष्ट नकार आहे. चार सेवा म्हणजे चार जावा प्रक्रिया, त्यांच्यातलं नेटवर्क, चार ठिकाणच्या नोंदी, आणि हे सांभाळायला दोन माणसं. लिलाव आणि हिशेब एकाच डेटाबेसमध्ये आहेत म्हणून घटना लिलावाच्याच व्यवहारात लिहिता येते. वेगळ्या सेवा केल्या तर प्रत्येक नोंद दुसरीकडे पोचली की नाही याची काळजी नेटवर्कच्या पलीकडे जाते.

एकच जागा अशी आहे जिथे मी मत बदलेन. परताव्याचे कागद बनवणारा भाग महिन्याच्या अखेरीस मोठे अहवाल काढतो आणि त्या वेळी प्रणाली जड होते. तो सध्या डिझेल मॉड्यूलच्या पोटात आहे आणि त्याला लागणारं सगळं डिझेलच्या करारातून मिळतं. अहवालांमुळे लिलावाची नोंद मंदावायला लागली, तर तेवढा भाग उचलून वेगळ्या प्रक्रियेत नेता येईल आणि बाकी कोडला हात लागणार नाही. तोवर अहवाल दुपारनंतरच निघावेत एवढी अट त्यावर घातली आहे. संस्थेला आता बर्फाच्या कारखान्याची उधारीही प्रणालीत हवी आहे. ते पाचवं मॉड्यूल होईल की डिझेलचाच भाग, हे कोड उघडण्याआधी बर्फाची वही कोण लिहितो ते विचारून ठरणार आहे.